ढग समजून

उपग्रहाच्या चित्रांत वणव्याचा धूर हेरायचा आणि नकाशावर तो लाल रंगात दाखवायचा, हे तिचं काम. बाबांना दमा. विरळ धूर डोळ्यांना दिसत नाही आणि गुपचूप छातीत शिरतो, म्हणून तिने त्यांच्या गळी उतरवलं होतं, "बाहेर पडताना माझा नकाशा बघायचा. डोळ्यांवर विसंबायचं नाही."

आज बाबांच्या गावावरचा धूर इतका दाट झाला की संगणकाने त्याला ढग समजून वगळलं.

नकाशावर गाव हिरवंगार.

"साहेब, हे आत्ताच्या आत्ता बदला."

"हाताने रंग भरता येत नाही गं. पुढचं चित्र येऊ दे. उपग्रह म्हणजे काय टॅक्सी आहे, हाक मारली की वळायला?"

तिने बाबांना फोन लावला. उचलला आईने.

"फिरायला गेलेत. फोन इथेच चार्जिंगला लावलाय."

"एवढ्या धुरात? तू अडवलं नाहीस?"

"अडवलं की. दार धरून उभी राहिले."

आईला खोकल्याची उबळ आली.



"तर म्हणाले, लेक आभाळातून बघतेय, तुला काय तिच्याहून जास्त दिसतं?"