पीयूषचं इंजिन

नत्थू मिस्त्रीने तारेला तार लावली. इंजिन घरघरलं, एकदा दचकलं आणि गप्प झालं. पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"काऊन चालू नाई होऊन राह्यलं?" मधुकरराव रडकुंडीला आले.

"काकाजी, हे नव्या गाडीचं इंजिन हाये. तुमच्या जीपच्या जुन्या इंजिनासारखं भोळं नाई. याले त्याच्या गाडीचीच किल्ली लागते. किल्लीत चिप रायते. ती ओळखल्याबिगर हे कोणाच्या बापाचं आयकत नाई."

बोलून गेल्यावर नत्थूने जीभ चावली. मधुकररावांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते तिथेच टायरवर मटकन बसले. ती किल्ली त्यांच्या बायकोजवळ, मनकर्णाबाईंजवळ होती. दवाखान्यातून पोराच्या कपड्यांबरोबर आली, तेव्हापासून त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली होती. आणि तेव्हापासून त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

पीयूष त्यांचा एकुलता एक. आंजीहून कोबी-वांगी भरून रोज पहाटे वर्ध्याच्या बाजारात न्यायचा. होळीच्या आधी आर्वी रोडवर रानातला रोही आडवा आला. त्याला वाचवायला गेला आणि नवीकोरी पिकअप नालीत उलटली. जनावर पळून गेलं. टपाचा पार चुराडा झाला, इंजिनाला मात्र खरचटलंही नाही. पीयूष नागपूरच्या दवाखान्यात मशीनवर होता. मग गेला.

तेरवी झाली आणि भंगारवाला दारात आला. मधुकरराव काठी घेऊनच उठले. "बाकी सारं ने. इंजिनले हात लावशीन तं पाहजो!"

घरामागे निंबाखाली त्यांची जुनी जीप उभी होती. तिचं इंजिन कधीचं बसलं होतं. पीयूषच्या गाडीचं इंजिन या जीपमध्ये टाकायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आता गावाच्या तोंडाला काय कुलूप लावता येतं? "पोराची राख निवली नाई, अन् बुढ्याले गाडीचे शौक सुचून राह्यले!" लोक पारावर बसून म्हणत, आणि मधुकरराव दिसले की रामराम घालत. मधुकररावांना सगळं कळत होतं. त्यांना गाडी फिरवायचीच नव्हती. नत्थूला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मले कुठी जायाचं नाई रे बापा. मले फक्त त्याचं इंजिन वाजताना आयकाचं हाये. त्याचं काईतरी या दुनियेत चालू राह्यलं पाह्यजे. नाई तं मी येडा होईन."

नत्थूने जीप आपल्या गॅरेजात ओढून नेली आणि कामाला हात घातला खरा, पण काम सोपं नव्हतं. जीपचं नाक आखूड, इंजिन लांब. रेडिएटर पुढे सरकवावं लागलं. इंजिन टेकायला चेसिसवर नवे पाये वेल्डिंग करावे लागले. जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनाला जुळेना, मग वर्ध्याहून लेथवर मधली प्लेट बनवून आणली. नत्थू कधीकधी वैतागायचा. "काकाजी, याच्या अंगात हे बसत नाई!"

"बसव. बसते."

रोज घरी आलं की मधुकरराव जेवता जेवता दिवसभराचं काम सांगायचे. आज हे जोडलं, आज ते जुळलं. मनकर्णाबाई भाकर वाढायच्या आणि आत निघून जायच्या. पोराच्या मोडक्या गाडीशी हा खेळ त्यांना सहन होत नाही, असं शेजारणी म्हणायच्या. मधुकररावांनाही तेच वाटायचं. आता त्याच बाईपुढे किल्लीसाठी हात पसरायचा होता.

ते घराच्या उंबऱ्यात उभे राहिले. "किल्ली दे."

"कायले?"

इतक्या महिन्यांनी ऐकलेला तो पहिला शब्द. मधुकररावांनी हात जोडले. "फक्त एक डाव. त्याचं इंजिन चालू होते म्हणते नत्थू. मंग तू म्हणशीन तं विकून टाकतो. तुह्या पाया पडतो."

मनकर्णाबाईंनी किल्ली दिली नाही. चपला घातल्या आणि स्वतःच निघाल्या.

नत्थूने पिकअपचं लॉक जीपला आधीच बसवून ठेवलं होतं. मनकर्णाबाईंना पाहून तो बाजूला झाला. "काकू, तुमीच फिरवा." त्या वर चढून बसल्या, पदराची गाठ सोडली, किल्ली घातली आणि फिरवली.

इंजिन एका दमात चालू झालं. ना खोकला, ना धूर. पीयूष पहाटे घरातून निघताना यायचा तोच आवाज. जुन्या जीपचा पत्रान् पत्रा थरथरायला लागला. मधुकररावांनी बॉनेटला कान लावला. ते हसत होते की रडत होते, देव जाणे. दोन्ही करत असावेत.

"अवं आयक, आयक! पोरगं गेलं आपलं, पण हे पाह्य, चालू हाये! दुसऱ्याच्या अंगात असंन, पण चालू हाये ना वं!"

मनकर्णाबाईंनी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. स्टिअरिंग घट्ट धरून त्या समोर पाहत राहिल्या.

"डॉक्टर हात जोडून हेच तं सांगत होता जी," त्या म्हणाल्या. "डोक्सं गेलं, पण दिल चांगलं हाये, कोणाच्या तरी लेकराच्या अंगात चालू राहीन म्हणे. मी हो म्हटलं होतं. तुमीच म्हणाले, माह्या पोराले अपुरं जाळाचं नाई."