काचेपर्यंतचा उजेड

दिव्यांच्या नकाशावर मैदानाशेजारची घरं म्हणजे नुसती राखाडी खोकी होती. कोपऱ्यावरच्या खोक्याला तिने खिडकी काढली. वरचा मजला, डावीकडून दुसरी. खिडकीची उंची टाकताना तिला कुठे बघावं लागलं नाही.

मास्तर चहाचा कप घेऊन मागे उभे होते. ऑफिसात सगळ्यांच्या चुका तेच काढायचे, म्हणून ते मास्तर.

"जागेवर कोण जाऊन आलं?"

"कोणीच नाही."

"मग खिडकी काय स्वप्नात दिसली?"

"माझं सासर आहे ते, मास्तर."

मास्तरांना ठसका लागला. "अरे वा! मग चढव की चार दिवे जास्त. सासूबाईंना रात्रभर उन्हात बसव."

ती हसली आणि खिडकीच्या आत एक आडवी चौकट काढली.

"हे काय आता?"

"पलंग." मग एका टोकाला, खिडकीपासून लांब, एक छोटी चौकट. "आणि ही उशी."

"आतलं कशाला काढतेस? सॉफ्टवेअर उजेड मोजतं ते काचेपर्यंतच. आत कोण झोपलंय, त्याच्याशी त्याला काय देणंघेणं?"

"माहितीये," ती म्हणाली. पण पुसलं नाही.

त्या पलंगावर तिची लेक ठमी झोपायची. आईची नोकरी कायम होईपर्यंत ठमीने आजीकडे राहायचं, असं ठरलं होतं. ठरलं तेव्हा ठमीचे समोरचे दात पडलेले होते. आता नवे अर्धेअधिक वर आले होते. फोनवर दिसायचे.

हिशेब फिरून थांबला. मैदान पिवळंधमक, कडेला हिरवं, घरांकडे निळं होत गेलेलं. कोपऱ्यावरच्या खांबाचे दिवे राखणीसाठी रात्रभर चालू राहणार होते. त्यांचा उजेड त्या खिडकीवर पडत होता. आकडा आला एक पूर्णांक आठ. रात्रीची मर्यादा दोन.

"पास," मास्तर म्हणाले. "पाठवून दे. मैदानवाल्यांनी सकाळपासून डोकं खाल्लंय."

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर ठमी, दप्तर अजून पाठीवरच.

"आई, मैदानात एवढे मोठे खड्डे खणलेत! आजी म्हणाली, तू दिवे पाठवणारेस."

"मी पाठवत नाही गं. कुठे लावायचे ते फक्त सांगते."

"म्हणजे तुझेच ना. माझ्या खिडकीत येणार ना?"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, तूच सांग बाई हिला काहीतरी. कालपासून उशी फिरवून ठेवलीये. आईच्या दिव्याकडे तोंड करून झोपणार म्हणे. आधीच मांजर पलीकडून गेलं तरी जागी होते ही."

"येणार ना गं, आई?"

काहीच करायचं नव्हतं. पाठवून दिलं की झालं. नियमात बसत होतं. आणि लेक वाट बघत होती.

"थांब हं जरा." तिने फोन आपल्या कपाला टेकवून उभा केला. नकाशातली उशी उचलून तिने खिडकीच्या बाजूला ठेवली. तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग कोपऱ्यावरच्या खांबावर गेली आणि दोन दिव्यांपैकी खिडकीजवळच्या दिव्याच्या पाठीला, उजेड अडवायला, काळा पत्रा लावला.

"आता हे काय?" मास्तर म्हणाले. "पास झालंय ते."

"एकच पत्रा."

"मैदानवाले बोंबलतील, खर्च वाढला म्हणून."

"मी बोलते त्यांच्याशी."

"बाई, नोकरी कायम व्हायचीये अजून तुमची." मास्तर तिला एकदम अहोजाहो करू लागले की समजायचं, ते थट्टा करत नाहीयेत.

तिने बटण दाबलं. हिशेब पुन्हा फिरला. खिडकीवरचा आकडा शून्य पूर्णांक दोनवर येऊन थांबला.

मास्तर वाकून बघत राहिले. त्यांचा आवाज उतरला. "आता एवढं केलंस, तर दुसऱ्यालाही लाव. पार शून्य होईल."

"नको. तेवढा राहू दे."

"आई! येणार की नाही, सांग ना!"

"येणार. थोडासा."

"थोडासा म्हणजे केवढा?"

"चांदणं पडतं ना तुझ्या पलंगावर? तेवढा."

ठमीने नव्या दातांखाली ओठ धरला. विचार करताना ती असंच करायची. "मग मला कसं कळणार, चंद्राचा कुठला आणि तुझा कुठला?"

मास्तर रिकामा कप घेऊन आपल्या टेबलाकडे निघून गेले.

"चंद्र नसेल त्या रात्री बघ," ती म्हणाली. "तेव्हा येईल तो माझा."

"आज्जी! चंद्र कधी नसतो गं?" ठमी ओरडत पळाली. तिकडे फोन पलंगावर पडला. तिने आपला फोन हातात घेतला. पडद्यावर आता नुसतं छत होतं आणि कडेला खिडकीची अर्धी चौकट. तिच्यात अजून दुपार होती. लांब कुठेतरी कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

समोर तिने काढलेली खिडकी होती, हातात खरी. तिने फोन बंद केला नाही.