वास बाहेर आला की

रक्तदाबाच्या यंत्राने पुन्हा एकशे शहाण्णव दाखवले. सिस्टरने चुकचुकत आकडा कागदावर लिहिला.

"काका, एवढं काय मनावर घेताय? अर्ध्या तासाचं तर ऑपरेशन आहे."

शेजारी उभी असलेली त्यांची लेक वाकून कागदावरचा आकडा बघू लागली. बाबांचा एक डोळा गेल्या वर्षीच गेला होता. दुसरा आज वाचवायचा होता, पण रक्तदाब एकशे ऐंशीच्या खाली आल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. याआधी दोनदा याच खोलीतून परत पाठवलं होतं. उद्यापासून डॉक्टर महिनाभर नव्हते, आणि डोळा तेवढं थांबेल असं कोणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं.

"घरी एकशे चाळीसच्या वर जात नाही हो," लेक म्हणाली. "इथे आलं की काय होतं कोण जाणे."

"घाबरतात, दुसरं काय?" सिस्टरने कोपऱ्यातल्या वाफेच्या छोट्या यंत्रात बाटलीतून थेंब टाकले. "लॅव्हेंडर आहे. झोप येत नाही, डोकं दुखतं, जीव घाबरतो, सगळ्यावर चालतं. रोजच लावते मी. आज जरा सढळ हाताने घालते."

लेकीला त्यातही हसू आलं. बाबांना लॅव्हेंडर सांगत होती ही! डोंगरउतारावरच्या त्या जांभळ्या फुलांचं तेल काढण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. लेकीच्या शाळेच्या दप्तरालासुद्धा तोच वास यायचा. बरं झालं, तिला वाटलं, बाबांना आता ओळखीचं काहीतरी मिळालं.

दहा मिनिटांनी दोनशे चार.

"आता डॉक्टरांना कळवावंच लागेल," म्हणत सिस्टर फोनकडे वळली.

लेक बाबांसमोर उकिडवी बसली. तिला रडूही येत होतं आणि रागही. "बाबा, काय होतंय? मला तरी सांगा."

"काही नाही."

पण कपाळ घामाने डबडबलं होतं आणि उजव्या हाताचा काहीतरी चाळा चालला होता. मूठ वळायची, मनगट फिरायचं, मूठ सुटायची. पुन्हा तेच.

हा हात तिने पाहिला होता. सुट्टीत डबा घेऊन गेली की बाबा भट्टीपाशी असायचे. टाकीत फुलं वाफेवर शिजायची, ती वाफ नळीने गार पाण्याच्या पिंपातून जायची आणि तेल होऊन ठिबकायची. थोडाफार वास तिथे असायचाच. पण तो एकाएकी दरवळला की बघायला आलेले पाहुणे खूश व्हायचे, आणि बाबा हातातला घास टाकून पाण्याच्या चावीकडे धावायचे. पाणी बंद पडलं की तेल हवेत जायचं.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "पाणी बंद पडलंय का?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मला कळतंय गं, हा दवाखाना आहे. पण हाताला कोण सांगणार? मघापासून सगळा वास बाहेर येतोय, आणि ही बाई मला उठू देत नाही."

ती ताडकन उठली. वाफेचं यंत्र बंद केलं, खिडकी उघडली आणि हात धुवायच्या बेसिनचा नळ पूर्ण सोडला. पाणी धो धो पडू लागलं.

"अहो ताई, हे काय?" सिस्टर फोन कानाला लावूनच म्हणाली.

"हात जोडते, सिस्टर. पाच मिनिटं. मग हवं ते करा."

तिने बाबांच्या हातावरची नजर काढली नाही. मूठ वळली, सुटली. वळली, सुटली. मग खुर्चीच्या दांडीवर तशीच उघडी राहिली.

दंडावरचा पट्टा फुगला, सैल पडला. एकशे बहात्तर.

सिस्टरने आकडा दोनदा वाचला. "चला काका, लवकर," ती म्हणाली, आणि जाता जाता सवयीने तिचा हात नळाकडे गेला.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. "भट्टी अजून गरम आहे."