वहिनींच्या हातचा प्याला

क्रेनवाल्याने अकरा वर्षांत चर्चमधल्या प्रभुभोजनाचा प्याला एकदाही ओठांना लावला नव्हता. “आधी प्रत्येकाने आपलं मन तपासावं,” असं पाळक म्हणाले, की त्याच्या डोळ्यांपुढे क्रेनचा तो तुटलेला दोर यायचा. त्या दोराला टांगलेला खांब खाली कोसळला आणि त्याचा जिवलग मित्र जागीच गेला. चौकशीत दोर सदोष होता असं ठरलं. पण त्या सकाळी दोराकडे ढुंकूनही न बघता त्याने तपासणीच्या कागदावर सही ठोकली होती, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. एका रविवारी त्याला राहवलं नाही. उपासनेआधी चर्चच्या पायऱ्यांवर मित्राच्या बायकोला गाठून त्याने सगळं सांगून टाकलं. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. त्या तशाच आत गेल्या. त्या दिवशी प्याला फिरवायची पाळी नेमकी त्यांचीच होती. शेवटच्या बाकावर त्याच्यापाशी त्या आल्या तेव्हा तो पुटपुटला, “पुढे न्या, वहिनी. माझी लायकी नाही.” “नाहीच आहे, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “मला तुम्हाला माफ करता येईल की नाही, तेही आज सांगता येत नाही. पण तुमचं तारण माझ्या हातात नाही, आणि तुमच्याही नाही. ज्या प्रभूच्या हातात आहे, तो तुम्हाला बोलावतोय. घ्या.” त्यांनी प्याला असा झटकन पुढे केला की द्राक्षरस काठावरून सांडू लागला. त्याने दोन्ही हातांनी प्याला सावरला. घोट त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत वहिनी जागच्या हलल्या नाहीत.