मुंगीचे निरोप

आईचा निरोप बाबांपर्यंत नेताना त्यांची लेक मुंगी त्यातला एखादा शब्द वाटेत गाळते, हे आईच्या लक्षात आलं ते शाळेच्या फाटकापाशी.

"बाबांना सांग, मेहरबानी करून फोन तेवढा बंद ठेवा म्हणावं."

बाबा चार हात लांब उभे होते. मुंगी त्यांच्याकडे गेली. "बाबा, फोन बंद ठेवायचाय."

"आईला सांग, कळतं मला तेवढं."

मुंगी परत आली. "बाबा हो म्हणाले."

आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. नळी यंत्रात फिरवायची, गढूळ असेल ते खाली बसू द्यायचं आणि वरचं निवळ तेवढं अलगद काढून घ्यायचं, हे तिचं रोजचं काम. सात वर्षांची पोर तेच करत होती. खाली बसलेलं कुठे टाकत होती, कोण जाणे.

दर शनिवारी या शाळेत मुलं आणि घरची मोठी माणसं एकत्र बसत. हे तिघं आज पहिल्यांदाच आले होते, तेही वर्गाच्या बाईंनी दोनदा बोलावलं म्हणून. मुंगीचं पोट रोज सकाळी दुखायचं आणि डॉक्टरांना त्यात काही सापडत नव्हतं.

वर्गात बाक भिंतीला लावून बुटकी टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलावर लाकडी फळ्या, स्क्रूंची पुडी आणि टपली मारली की वाजणारी एक घंटी.

"शाळेला चपलांचे स्टँड हवे आहेत," बाई म्हणाल्या. "मोठ्यांनी जोडायचे. नियम एकच. ज्याला सांगायचं, त्यालाच सांगायचं. मुलाच्या हाती निरोप दिलात, की मूल घंटी वाजवणार."

शेजारच्या टेबलावर एक आजी, त्यांची सून आणि नात होती. "तुझ्या आईला म्हणावं, आधी कागद वाच," आजी म्हणाल्या.

टिंग.

"अगं, तुला कुठे सांगितलं मी? मी नुसतं तिच्या कानावर घालत होते."

टिंग.

सगळा वर्ग हसला. सूनही हसली, पण तोंड फिरवून.

आईने आपल्या टेबलाकडे पाहिलं. "मुंगे, बाबांना सांग, फळी उलटी लावतायत."

मुंगीचा हात घंटीवर गेला आणि थांबला. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मग इतक्या हळू दाबलं, की घंटी वाजली तरी कोणाला ऐकू जाऊ नये.

बाबा फळीकडे बघत राहिले. बसच्या गॅरेजात इंजिनं उघडणारा माणूस, पण फळी दुसऱ्याने धरल्याशिवाय त्यांनाही स्क्रू पिळता येत नव्हता.

"तू धर," ते शेवटी आईला म्हणाले. "इकडून."

"उलटी आहे."

"उलटी नाही. भोकं बघ."

"भोकं बघूनच सांगतेय."

बाबांनी फळी फिरवून पाहिली. "आहे खरी."

"बसची चाकं खालीच असतात म्हणून निभावतंय तुझं."

बाबा नाकातल्या नाकात हसले. मग पुढची फळी, तिच्यानंतरची. घट्ट पिळू नकोस, लाकूड फाटेल. फाटत नाही. पाय डुगडुगतोय. डुगडुगतोय, कारण तू त्यावर टेकली आहेस. मुंगी घंटीवर बोट ठेवून आळीपाळीने दोघांच्या तोंडांकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने कोपर टेबलावर टेकलं, कोपरावर गाल. बोट घंटीवरून घसरलं, ते तिने परत उचललं नाही.

"झोपली?" बाबांनी आवाज खाली आणला. "घरी पातेल्यावर झाकण ठेवलं तरी उठून बसते."

"घरी आपण बोलतो कुठे? कान लावून पडलेली असते ती."

बाबांनी आधीच घट्ट असलेला स्क्रू पुन्हा पिळला. "खोलीचं काय ठरवलंस?"

"कुठली खोली?"

"गॅरेजजवळची. माझ्यापुरती बघून ठेवलीय. मागच्या महिन्यात मुंगीला म्हटलं होतं ना, आईला सांग म्हणून."

"मला नाही सांगितलं तिने."

दोघांनी मुंगीकडे पाहिलं. तोंड किंचित उघडं होतं. श्वास संथ चालला होता.

"मला वाटलं, तू मुद्दाम उत्तर देत नाहीस," बाबा म्हणाले. "एवढं मोठं तिच्याकडे द्यायला नको होतं मी."

"मी तरी काय कमी दिलंय?"

आई स्वतःच्या रागाची वाट बघत होती. तो आला नाही. परीक्षा होऊ दे, सुट्टी लागू दे, हिचा वाढदिवस जाऊ दे, असं करत तिनेही हीच गोष्ट वर्षभर पुढे ढकलली होती. आपण दोघंही एकाच दारापाशी येऊन थांबलो होतो, हे कळल्यावर तिचे खांदे आपोआप सैल झाले. बाबा तिच्याकडे बघत होते, आणि आज मध्ये कोणी नव्हतं.

"अरे, घे ती खोली," ती म्हणाली. "आपण वेगळे राहू. ती उठली, की दोघांनी मिळून तिला सांगू. आणि शनिवारी इथे मात्र तिघांनी यायचं."