बारा पायऱ्या

सावित्रीचं पाणी महाडच्या घरात शिरायच्या आधीच नववीतल्या मेहविशने गणित मांडलं. ओट्याची एकेक दगडी पायरी बुडायला दहा मिनिटं लागत होती. घरातल्या जिन्याला बारा पायऱ्या, म्हणजे पाणी माळ्यावर पोचायला दोन तास. माळ्याच्या वर नुसते पत्रे होते.

मोबाईलवर जुल्फिकार चाचा म्हणाले, "तुडीलवरनं होडी निघालीय. दीड तासात येते."

"दादी, तरी अर्धा तास हाताशी राहतोय," मेहविश म्हणाली. गणित तिने दोनदा तपासलं होतं.

दादी माळ्यावर तसबीचे मणी ओढत बसली होती. मेहविश जिन्याच्या तोंडाशी घड्याळ धरून होती. पहिली पायरी पाच मिनिटांत बुडाली. दुसरीही पाचच मिनिटांत.

"दादी, पाणी दुप्पट वेगाने चढतंय."

दादीची बोटं मण्यावर थांबली.



"पाणी तेवढंच चढतंय गो. तुझ्या अब्बानं माझ्या गुडघ्यांसाठी जिन्याच्या पायऱ्या ओट्यापेक्षा निम्म्या उंचीच्या करून घेतल्यात. बारा पायऱ्यांना तासच लागायचा."