आडाभोवतीची राख

“मी आता जे सांगतो त्याच्यावर तुमच्यातल्या एकाचाबी इश्वास बसायचा न्हाय,” म्हातारा गेणबा म्हणाला आणि त्यानं मांडी बदलली.

देवळाच्या ओट्यावर सगळी वाडी जमली होती. मधोमध दगडाबाईचा, गेणबाच्या बायकोचा, पोहरा उपडा पडला होता. पंचांनी तो सकाळीच काढून घेतला होता. आज गेणबावर पाण्याची चोरी शाबीत झाली की तो पोहरा पुन्हा आडात उतरणार नव्हता. मग गुडघे आखडलेल्या दगडाबाईला कऱ्हेच्या कोरड्या पात्रात झिरे उकरत बसावं लागणार होतं. ती बायकांत बसून पोहऱ्याकडं बघत होती, नवऱ्याकडं नाही.

छत्तीस सालचा उन्हाळा. मोरगावाकडच्या त्या वाडीत एकच आड जिवंत राहिला होता. पंचांनी नेम केला होता की आडाचं पाणी माणसाला आणि जनावराला. वेलाला, रोपाला, परसाला थेंब नाही. सकाळी बायकांचं पाणी भरून झालं की पंचांनी नेमलेला सर्जेराव आडाभोवती चुलीची राख चाळून पसरायचा. संध्याकाळपर्यंत त्या रिंगणात पाय टाकायला मनाई, खुद्द सर्जेरावालाही. दिवसा वाडी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रात्री राखणदार आडाला पाठ लावूनच झोपायचा.

तरी रोज संध्याकाळी पाणी खाली गेलेलं असे आणि दोर कमी पडू लागला. राखेवर मात्र पाऊल नाही. कोंबडीचं नाही, कुत्र्याचंही नाही. राख कशी, नुकतीच चाळल्यासारखी.

मग वाडी एकमेकांच्या परसात डोकावू लागली. कुणाची तुळस जरा टवटवीत दिसली की बायकांची बोलणी थांबत. कुणी पाहुण्याला पाणी दिलं, तर पाहुणा आधी तांब्यात आणि मग देणाऱ्याच्या तोंडाकडं बघे. सर्जेरावाच्या परसाची भिंत तेवढी पुरुषभर उंच होती. पण राख पसरणाऱ्याच्या घरात कोण डोकावणार? गेणबाच्या कुडावर मात्र दोडक्याचा वेल हिरवागार होता, आणि तो रस्त्यावरून दिसत होता.

मी वेलाखाली बसून आंघोळ करतो, एका तांब्यात, असं गेणबानं पंचांना सांगून पाहिलं. ते खरं होतं. पण भीमथडीच्या तट्टावर बसून उडत जेजुरी गाठल्याचं ज्यानं शपथेवर सांगितलं होतं, त्याचा तांब्या कोण खरा धरणार?

“जीभ जशी कुठं सापडत न्हाय, तसं ह्यांचं पाऊलबी सापडत न्हाय,” सर्जेराव म्हणाला होता, आणि लोक हसले होते.

त्यात काल दोर फारच कमी पडला होता. म्हणून महिपतीतात्यांनी, पंचांत थोरले ते, प्रत्येकाला काल कुठं होतास म्हणून विचारलं. वाडी कामावर होती, बसून खडी फोडणारी दगडाबाईसुद्धा. सर्जेराव म्हणाला, सकाळी राख पसरली आणि थेट बारामतीचा बाजार गाठला, परतलो तो दिवेलागणीला. घरी होता तो एकटा गेणबा. आता तू बोल, तात्या त्याला म्हणाले.

आणि गेणबा बोलू लागला. काल उन्हाच्या तडाख्यात आडातून साती आसरा, पाण्यातल्या त्या सात देवता, वर आल्या. कऱ्हा आटली, आता ऱ्हायचं कुठं म्हणून रडत होत्या. धाकटीनं वेणी सोडली, ती सरळ तळाला पोचली, आणि वेणीला घागरीमागून घागरी लटकून वर आल्या. थोरलीनं मला विचारलं, आबा, तुमच्यात एवढे शहाणे पंच असून पाऊस का पडत न्हाय?

लोक गालात हसू लागले. महिपतीतात्याही मिशीवर हात फिरवू लागले.

गेणबाच्या गप्पांचा वाडीत एक रिवाज होता. नुसतं ‘खोटं’ म्हणून भागत नसे. खोटं नेमकं कुठं, ते चारचौघांत बोट ठेवून दाखवावं लागे. दाखवील त्याला गेणबा आपल्या चंचीतली सुपारी कातरून देई. अशा सुपाऱ्या सर्जेरावाइतक्या कुणी खाल्ल्या नव्हत्या, आणि एवढा मान त्याला दुसऱ्या कशातच मिळाला नव्हता. आत्ताही तो उकिडवा बसून एकेक शब्द चाचपत होता. पण आसरा कुणी पाहिलेल्या नाहीत. त्यांच्या वेणीची लांबी कशी खोडणार?

गेणबानं चंची सोडली. अडकित्ता काढून मांडीवर ठेवला.

“का, सर्जेराव? आज घावंना व्हय खोटं? का वय झालं तुमचंबी?”

हशा उसळला. सर्जेरावाचे कान लाल झाले.

“मग त्या आडाभोवती फेर धरून नाचल्या,” गेणबा सावकाश म्हणाला. “भर दुपारी. सातजणी. राखंत पावलंच पावलं. टाचा म्होरं, बोटं मागं, आन् बोटाबोटाला जोडव्यांचा ठसा. काल त्या येळंला जो आडावर आला असंल त्यानं ती बघितलीच असतील.”

सर्जेराव ताडकन उठला. त्याचा चेहरा उजळला होता. त्यानं हात पुढं केला, तळवा वर, सुपारीसाठी.

“धरलं, आबा. हितं हाय खोटं. काल भर दुपारी त्या राखंत माझ्याबिगर कुणाचंच पाऊल नव्हतं.”